नाव पाहावे की भाग?
(माहितीपर लेख)

प्रस्तावना

काळ्या रंगाची, दांड्यांच्या ब्रेकची आणि मागे भक्कम कॅरिअर असलेली सायकल तुम्ही पाहिली असेलच. दूधवाले, पोस्टमन, शाळामास्तर, गिरणी कामगार अशा कितीतरी जणांची ती सोबतीण होती. ती घेताना फारसा विचार करावा लागत नसे. दोन-चार नावे ठाऊक असत आणि त्यांपैकी एक निवडले की काम भागत असे. आज दुकानात गेल्यावर मात्र जाड टायरच्या, सरळ दांडीच्या हँडलच्या, झगझगीत रंगांच्या सायकलींची रांग दिसते. दुकानदार त्यांना ‘माउंटन बाइक’ म्हणतो, गिऱ्हाईक ‘गिअरची सायकल’ म्हणते. रांगेतील निम्मी नावे आपण कधी ऐकलेली नसतात. ओळखीच्या नावाची सायकल वीस हजारांच्या पुढे आणि अनोळखी नावाची दहा-बारा हजारांत, असा पेच उभा राहतो. ज्याला याच सायकलीवरून रोज कामाला जायचे आहे, त्याच्या दृष्टीने दहा-बारा हजार ही लहान रक्कम नव्हे. कित्येक घरांत ती महिन्याच्या कमाईएवढी असते.

प्रस्तुत पाठात आपण अशा अनोळखी नावाच्या, कमी किमतीच्या सायकलीची पारख कशी करावी हे पाहणार आहोत. हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला जाहिरातीतील शब्द आणि वस्तूचे गुण यांतील अंतर ओळखता येईल, तांत्रिक माहितीचा मजकूर समजून घेता येईल आणि खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न नेमक्या भाषेत मांडता येतील.

मूळ पाठ

प्रथम एका जाहिरातीचा नमुना वाचू या. तो आम्ही या पाठासाठी तयार केला आहे. परंतु असा मजकूर तुमच्या वाचनात नक्कीच आला असेल.

‘क्ष माउंटन बाइक! २१ गिअर! दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक! पुढे-मागे सस्पेन्शन! अलॉय बॉडी! शिमानो गिअर! फक्त रु. १०,९९९!’

या सहा-सात शब्दसमूहांत एकही विधान उघडपणे खोटे नसेल. तरीही ते वाचून सायकल घेणारा फसू शकतो. असे का होते, हे समजण्यासाठी या प्रकारच्या सायकलीचा जन्म थोडक्यात पाहू.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मरिन नावाचा डोंगराळ परगणा आहे. तेथील काही तरुण १९७० च्या दशकात १९३०-४० च्या काळातील जुन्या, जड, जाड टायरच्या सायकली दुरुस्त करून मातीच्या वाटांवरून खाली सोडत असत. १९७६ मध्ये त्यांनी अशा एका उतारावर शर्यती सुरू केल्या. सुमारे साडेतीन किलोमीटरच्या त्या वाटेवर सुमारे ४०० मीटरचा उतार होता. पायडल मागे दाबून लावायचा ब्रेक इतका तापे की मागच्या हबमधील ग्रीस जळून धूर निघत असे आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. ‘पुन्हा भरणे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून त्या उताराला ‘रीपॅक’ हे नाव पडले. १९७७ मध्ये जो ब्रीझ याने या कामासाठी मुद्दाम नवी फ्रेम बनवली. पुढे टॉम रिची, गॅरी फिशर, चार्ल्स केली यांच्या प्रयत्नांतून हा प्रकार बाजारात आला आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये त्याची स्पर्धाही झाली. म्हणजे माउंटन बाइकची पहिली गरज वेग किंवा देखणेपणा ही नव्हती. उतारावर थांबता येणे, दगडांवर चाक न मोडणे आणि चढावर पाय न थकणे, या तीन गरजांतून ती घडली. स्वस्त सायकल पारखतानाही याच तीन गोष्टी पाहाव्यात.

नावामागे कोण असते?

सायकलीवरचे नाव आणि सायकलीचा निर्माता हे नेहमी एकच असतात असे नाही. तैवानमधील जायंट ही कंपनी १९७२ मध्ये सुरू झाली, तेव्हा ती दुसऱ्यांच्या नावाने सायकली बनवून देत असे. अमेरिकेतील प्रसिद्ध श्विन कंपनी ही तिची मोठी गिऱ्हाईक होती. घेणाऱ्याला श्विन हे नाव दिसे. ज्यांच्या हातून ती घडे त्यांचे नाव त्याला ठाऊकही नसे. १९८१ मध्ये जायंटने स्वतःच्या नावाने विक्री सुरू केली आणि ती जगातील अग्रगण्य कंपन्यांत गणली जाऊ लागली. श्विनने १९९२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. तेव्हा अनोळखी नाव म्हणजे हलका माल, हे समीकरण दरवेळी खरे ठरत नाही.

मोठे नाव म्हणजे कायमची हमी, हेही तितकेसे खरे नाही. सोनिपत येथे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या अ‍ॅटलास कंपनीची सायकल एके काळी घरोघरी होती. तिचा साहिबाबाद येथील शेवटचा चालू कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता, हा योगायोग अनेकांना खटकला.

आपल्या देशात पंजाबमधील लुधियाना हे सायकल उद्योगाचे मोठे केंद्र आहे. तेथे फ्रेम, रिम, हब, टायर असे निरनिराळे भाग निरनिराळ्या कारखान्यांत तयार होतात. अनेक लहान कंपन्या फ्रेम एकाकडून, चाके दुसऱ्याकडून घेतात, गिअर जपान किंवा तैवानच्या कंपनीचे बसवतात आणि वर आपले नाव लावतात. यात गैर काही नाही, कारण मोठ्या कंपन्याही गिअर आणि ब्रेक बहुधा बाहेरूनच घेतात. म्हणून अनोळखी सायकलीपुढे उभे राहिल्यावर ‘ही कोणत्या कंपनीची?’ याऐवजी ‘हिचा कोणता भाग कोणाचा?’ असे विचारावे. विक्रेत्याने भागांची यादी दाखवली तर पुढे बोलावे. ‘सगळे इंपोर्टेड आहे’ एवढेच उत्तर मिळाले तर ते उत्तर नव्हे, असे समजावे.

पाठगत प्रश्न १
(अ) ‘रीपॅक’ हे नाव कशावरून पडले?
(आ) श्विन आणि जायंट यांच्या उदाहरणातून लेखकाला काय सुचवायचे आहे?

दहा हजारांत किती बसते?

कमी किमतीच्या सायकलीत पैसा एका ठिकाणी वाढवला की तो दुसरीकडून काढावा लागतो. घरखर्चाचे असते तसेच हे आहे. दिवाळीच्या रोषणाईवर जास्त खर्च झाला तर किराण्याला कात्री लागते. जाहिरातीत ज्यांची गणती असते ती रोषणाई; चाके, छर्रे आणि ब्रेक हा किराणा.

सस्पेन्शनचेच पाहा. पुढच्या चिमट्यात स्प्रिंग बसवली की धक्का कमी लागतो, हे खरे. परंतु दाबलेली स्प्रिंग जवळजवळ तितक्याच जोराने परत उसळते. त्या उसळीला आवर घालण्यासाठी चांगल्या चिमट्यात तेलाची योजना असते आणि ती महाग असते. स्वस्त चिमट्यात ती नसतेच. तेथे केवळ स्प्रिंग असते, सायकलीचे वजन एक-दीड किलोने वाढते आणि खड्ड्यातून बाहेर येताना हँडल हातात उडते. मागच्या सस्पेन्शनची स्थिती याहून वाईट. पायडलवर दिलेला जोर चाकाकडे जाण्याऐवजी काही अंशी स्प्रिंग दाबण्यात खर्ची पडतो आणि चढावर आपण सायकल चालवतो आहोत की पाळण्यात बसलो आहोत, असा प्रश्न पडतो. फ्रेमचे सांधे लवकर झिजून खुळखुळतात ते वेगळेच. म्हणून या किमतीत मागे सस्पेन्शन असलेली सायकल घेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुढचा चिमटा साधा, न दबणारा असला तरी बिघडत नाही. जाड टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली की पुष्कळसा धक्का तेथेच जिरतो.

आता २१ गिअर. पुढे तीन चकत्या आणि मागे सात, म्हणून तीन साते एकवीस. गुणाकार बरोबर आहे, पण उपयोग तितका नाही. अशा सायकलीत पुढे बहुधा ४२, ३४ आणि २४ दाते असतात. मागे १४ पासून २८ पर्यंत. पुढे ४२ व मागे २८ ठेवले तर पायडलच्या एका फेरीत चाक दीड फेरी फिरते. पुढे २४ व मागे १६ ठेवले तरीही चाक दीड फेरीच फिरते. म्हणजे मोजणीत दोन गिअर, प्रत्यक्षात एकच. अशा पुनरावृत्ती आणि अगदी जवळजवळचे टप्पे वजा केले तर ढोबळमानाने बाराच वेगवेगळे टप्पे उरतात. २६ इंची चाकाचा घेर सुमारे २ मीटर ५ सेंटीमीटर धरला, तर २४-२८ च्या जोडीत एका फेरीला सायकल सुमारे पावणेदोन मीटर सरकते आणि ४२-१४ च्या जोडीत सहा मीटरांहून थोडी अधिक. चढासाठी महत्त्व आहे ते या पावणेदोन मीटरला. एकवीस या आकड्याला नाही. पुढे ३२ दात्यांची एकच चकती आणि मागे १४ ते ३४ दात्यांचे सात टप्पे असतील, तर एका फेरीला सायकल सुमारे १ मीटर ९३ सेंटीमीटर जाते. म्हणजे चढाची सोय जवळजवळ तीच राहते आणि सतत बिघडणारा पुढचा गिअरबदलक टळतो. जाहिरातीत मात्र ‘७ गिअर’ हा आकडा गरीब दिसतो, आणि मग दुकानदारालाही ती सायकल विकणे जड जाते.

‘शिमानो गिअर’ या शब्दांकडेही बारकाईने पाहावे. शिमानो ही १९२१ मध्ये सुरू झालेली जपानी कंपनी आहे आणि तिचे साध्यातले साधे गिअरही नीट चालतात. परंतु कित्येकदा मागचा गिअरबदलक तेवढा तिचा असतो. हँडलवरचा खटका, चेन, दातेरी चकत्या आणि फ्रीव्हील इतर कोणाचे. प्रत्येक भागावर नाव कोरलेले वा छापलेले असते, ते स्वतः वाचावे.

ब्रेकच्या बाबतीत चूक परवडत नाही, म्हणून येथे जरा थांबू. डिस्क ब्रेक पावसात आणि चिखलात सरस, हे मूलतः बरोबर आहे. पण अगदी स्वस्त, तारेच्या डिस्क ब्रेकमध्ये दोन पट्ट्यांपैकी एकच हलते आणि ती चकतीला दुसऱ्या, स्थिर पट्टीवर रेटते. पट्ट्या झिजत जातात तसे त्यांचे अंतर वारंवार जुळवावे लागते. ते न जुळवल्यास ब्रेकची मूठ हँडलला टेकते आणि सायकल थांबत नाही. शिवाय या पट्ट्यांचे आकार अनेक. तुमच्या गावात नेमका तोच आकार मिळेल याची खात्री नसते. याउलट रिमला दोन्ही बाजूंनी धरणारा, लांब हातांचा ‘व्ही ब्रेक’ साधा असतो, त्याचे रबरी गुटके कोणत्याही सायकल दुकानात मिळतात आणि तार ताणणे घरीही जमते. त्याला अट एकच: रिम अ‍ॅल्युमिनियमची हवी. चमकदार मुलामा दिलेल्या पोलादी रिमवर पाणी पडले की गुटके घसरतात आणि थांबण्याचे अंतर धोकादायकरीत्या वाढते. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळ्यात सायकल चालवणाऱ्याने ही अट कधीही सोडू नये. ज्या रस्त्यावर उतार संपताच वळण किंवा रेल्वेफाटक असते, तेथे जाहिरातीतील बाकी सारे शब्द निरुपयोगी ठरतात.

पाठगत प्रश्न २
(अ) २१ गिअरांपैकी प्रत्यक्षात वेगळे टप्पे कमी का होतात? उदाहरण देऊन लिहा.
(आ) पोलादी रिम व पावसाळा यांचा संबंध स्पष्ट करा.

दुकानात गेल्यावर

खिशात एक लहान लोहचुंबक घेऊन जावे. दुकानदार हसेल, हसू द्यावे. रिम, हँडल, फ्रेम, पायडलचा दांडा यांना चुंबक लावून पाहावे. चिकटले तर पोलाद, न चिकटले तर बहुधा अ‍ॅल्युमिनियम. पोलादी फ्रेम वाईट नसते. ती जड असते, पण टिकाऊ असते आणि वेळ पडल्यास गावातला वेल्डरही ती सांधू शकतो. प्रश्न एवढाच की पोलाद देऊन अ‍ॅल्युमिनियमचे पैसे घेतले जात आहेत काय.

पुढचे चाक उचलून फिरवावे आणि गुटका व रिम यांमधील फट डोळ्यांसमोर धरावी. फट कमी-जास्त होत असेल तर चाकात आऊट आहे. थोडा आऊट कारागीर तेथेच काढून देईल, पण नव्या चाकाचे स्पोक दोन-दोन धरून दाबल्यावर काही अगदीच ढिले लागले, तर असे चाक महिनाभरात पुन्हा वाकडे होईल. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवावी. हँडलच्या मुळाशी खटखट जाणवली तर तेथील छर्रे नीट बसलेले नाहीत. पायडलचे दांडे फ्रेमच्या दिशेने आत-बाहेर ढकलून पाहावेत. ते हलता कामा नयेत.

मागच्या चाकाविषयी एक गोष्ट ठाऊक असावी. या किमतीत बहुधा हबवर आट्यांनी बसवलेले फ्रीव्हील असते. त्यात छर्रे आसाच्या टोकापासून बरेच आत राहतात आणि आसाचा मोठा भाग आधाराविना असतो. त्यामुळे जड माणूस किंवा मागे पोते लादलेले असेल आणि सायकल पायरीवरून आदळली, तर आस वाकतो. महागड्या कॅसेट पद्धतीच्या हबमध्ये ही भीती कमी. स्वस्त सायकलीत फ्रीव्हील असणे हा दोष नव्हे, परंतु उड्या मारण्यासाठी ती सायकल नाही हे ओळखावे. अमेरिकेतील एएसटीएम या मानक संस्थेने सायकलींच्या वापराचे गट ठरवले आहेत. पहिल्या गटात केवळ पक्का रस्ता, दुसऱ्यात खडीचा रस्ता व १५ सेंटीमीटरपर्यंतची उंची, तिसऱ्यात खडबडीत वाट व ६१ सेंटीमीटरपर्यंतची उंची. काही सायकलींच्या फ्रेमवर किंवा पुस्तिकेत ही खूण आढळते. दिसायला डोंगरी असलेल्या सायकलीच्या पुस्तिकेत ‘डोंगरवाटांसाठी नाही’ अशी बारीक अक्षरांतली सूचना असू शकते. ती पैसे देण्यापूर्वी वाचावी.

मापाचा प्रश्न किमतीशी निगडित नाही, म्हणूनच लोक तो विसरतात. सायकलीच्या मधल्या दांडीवर दोन्ही बाजूंना पाय टेकून उभे राहावे. दांडी आणि शरीर यांत चार-पाच सेंटीमीटर अंतर राहिले पाहिजे. गुडघा दुखू लागल्यावर उत्तम गिअर काय कामाचे?

सायकल खोक्यातून घरी येणार असेल तर जोडणी कोण करणार हे आधी ठरवावे. घाईत जोडलेल्या सायकलींत पुढचा चिमटा उलटा बसवलेला असतो, असे पुष्कळदा दिसते. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते जोराने सरळ फिरवले की दांड्याचे आटे जातात. ओळखीच्या कारागिराला दोन-तीनशे रुपये देऊन जोडणी करून घेणे हा स्वस्त सायकलीवरचा सर्वांत शहाणा खर्च होय.

शेवटी बिल. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा करासहित पक्के बिल घेण्यास कचरू नये. पायडलच्या मध्यभागी, फ्रेमच्या खालच्या बाजूस सहसा क्रमांक कोरलेला असतो, तो बिलावर लिहून घ्यावा. चोरी झाली तरी आणि दोष निघाला तरी तो क्रमांकच उपयोगी पडतो. अनोळखी कंपनी ‘फ्रेमला आजीवन हमी’ देते तेव्हा इतर भागांना किती महिने, आणि दुरुस्ती याच गावात की दुसरीकडे पाठवून, हे लेखी विचारावे. सदोष माल बदलून मिळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीचे शुल्क द्यावे लागत नाही.

आता समजा, त्याच अकरा हजारांत दोन अनोळखी सायकली समोर आहेत. एक आपल्या जाहिरातीतली. दुसरीला साधा चिमटा, अ‍ॅल्युमिनियमच्या रिम, व्ही ब्रेक, मागे सात गिअर, आणि रंग असा की कोणी वळून पाहणार नाही. रोज बारा किलोमीटर, त्यातील काही खडीचा रस्ता आणि एक चढ, एवढे ज्याचे काम आहे त्याने निःशंकपणे दुसरी घ्यावी. दुसरी मिळतच नसेल, तर चांगल्या स्थितीतील जुनी सायकल याच कसोट्या लावून पाहावी.

भाषाविचार

‘अलॉय’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ संमिश्र धातू. पोलाद हेही लोखंड आणि कार्बन यांचे संमिश्रच आहे. त्यामुळे ‘अलॉय बॉडी’ हे शब्द पोलादी सायकलीवर छापले तरी शब्दकोशाच्या दृष्टीने खोटे ठरत नाहीत! ‘शिमानो गिअर’ आणि ‘सर्व गिअरभाग शिमानोचे’ यांतही असाच फरक आहे. पहिल्या रचनेत संबंध मोघम राहतो. दुसऱ्या रचनेतील ‘सर्व’ हे विशेषण आणि ‘-चे’ हा षष्ठीचा प्रत्यय तो पक्का करतात. जाहिरात पहिली रचना पसंत करते, ग्राहकाने दुसरी मागावी.

शब्दार्थ
पारख – गुणदोषांची परीक्षा
चिमटा – पुढचे चाक धरणारा दुपाखी भाग
आस – चाकाच्या मध्यातून जाणारा दांडा
आटे – स्क्रूवरील फिरत्या खाचा
आऊट – चाकाचा वाकडेपणा
मोघम – अनिश्चित, नेमके नसलेले

स्वाध्याय
१. पाठातील जाहिरात पुन्हा वाचा. तिच्यातील प्रत्येक शब्दसमूहापुढे तुम्ही दुकानदाराला विचाराल असा एक प्रश्न लिहा.
२. ‘रोषणाई आणि किराणा’ हा दृष्टान्त लेखकाने कशासाठी योजला आहे? शंभर शब्दांत लिहा.
३. तुम्ही घेतलेल्या सायकलीच्या चाकात वारंवार आऊट निघतो आणि विक्रेता दाद देत नाही, अशी कल्पना करा. बिलाचा दिनांक, फ्रेमचा क्रमांक आणि दोष यांचा उल्लेख करून विक्रेत्यास औपचारिक तक्रारपत्र लिहा.
४. तुमच्या परिसरातील सायकल दुरुस्ती करणाऱ्या कारागिराची भेट घ्या. कोणत्या भागांची दुरुस्ती सर्वाधिक येते आणि कोणते सुटे भाग गावात मिळत नाहीत, हे विचारून पंधरा ओळींत लिहा. तो वापरतो ते शब्द जसेच्या तसे टिपून घ्या.